मोबाइलवरचा कोर्स, व्हिडिओ कॉन्फरन्स (व्हीसी) की ड्राय रन? लस टोचणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा तुलनात्मक आढावा

साथीतलं लसीकरण जाहीर झालं की तालुक्याला लसीच्या आधी एक एक्सेल शीट येते. किती जणांचं प्रशिक्षण झालं, आज संध्याकाळपर्यंत कळवा. शीट भरणं आणि सिस्टरला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं कुठल्याही मार्गाने उरकतं. दुसऱ्यासाठी मात्र मार्ग निवडावा लागतो, आणि तो निवडायची वेळ ज्यांच्यावर येणार आहे (तालुका आरोग्य अधिकारी, नगरपालिकेचे वैद्यकीय अधिकारी, खासगी रुग्णालयाच्या मेट्रन) त्यांच्यासाठी हा आढावा. कोविडच्या दिवसांत मी तालुका पातळीवर ही प्रशिक्षणं लावली आहेत, त्यामुळे माझी मतं थोडी पोळलेल्या तोंडाची आहेत.

ऑनलाइन नकोच, असं म्हणणाऱ्यांसाठी आधी एक आकडा. ११ जानेवारी २०२१ पर्यंत देशात सुमारे ६१ हजार कार्यक्रम व्यवस्थापक, २ लाख लसटोचक आणि पथकांतले आणखी ३.७ लाख जण यांचं प्रशिक्षण झाल्याचं केंद्राने सांगितलं. साथ चालू असताना एवढी माणसं सभागृहात बसवणं शक्यच नव्हतं. तेव्हा ऑनलाइन हवं की नको हा वाद सोडून देऊ. कुठला धडा कुठल्या वाटेने द्यायचा, एवढंच ठरवायचं आहे.

रेकॉर्डेड कोर्स

यात दोन घराणी आहेत. एक जागतिक आरोग्य संघटनेचं ओपनडब्ल्यूएचओ. कोविड लसीकरणाचा त्यांचा कोर्स फुकट होता, सवडीने करता यायचा आणि चाचणीत ८० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र. सुरक्षित इंजेक्शन, शीतसाखळी, लस घ्यायला कचरणाऱ्याशी कसं बोलायचं, हे त्यात नीट सांगितलेलं. पण तो साऱ्या जगासाठी बनवलेला. उणे ७० अंशांत ठेवायची लस त्याला ठाऊक, आपलं को-विन ठाऊक नाही.

दुसरं घराणं आपल्या सरकारचं: दीक्षा ॲपवरचं आयगॉट, जे एप्रिल २०२० मध्ये कोविड योद्ध्यांसाठी सुरू झालं. (आता कर्मयोगी नावाचं जे आयगॉट आहे ते निराळं. लॉगिनच्या गोंधळात अर्धा दिवस जातो, म्हणून सांगून ठेवतो.) देशी साहित्याचा फायदा असा की त्याला आपलं केंद्र ओळखीचं असतं. तीन खोल्या, दारावर यादी बघणारा, ओळखपत्र पडताळणारा, टोचणारी सिस्टर, नंतर अर्धा तास बसवून लक्ष ठेवणारे दोघे. लसीच्या बाटलीवर व्हीव्हीएम (उष्णतेने लस खराब झाली का ते रंगाने दाखवणारा चौकोन) नसेल, तरी बिचकू नका, हेसुद्धा आपल्याच मार्गदर्शक सूचनांत होतं. बाळांच्या लसीकरणात बाटलीवरचा तो चौकोन बघितल्याशिवाय हात न लावणाऱ्या सिस्टरांना हे आधी सांगितलं नसतं, तर पहिल्याच दिवशी काम अडलं असतं. आमच्याकडे फिरलेल्या क्लिप मात्र बहुतेक हिंदी-इंग्रजीत होत्या.

भाषेचा परिणाम कसा होतो, ते एका उपकेंद्रावर कळलं. "सिस्टर, क्विझला किती पडले?" "पैकीच्या पैकी, सर," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "मुलाने सोडवलं. दहावीला आहे, त्याचं इंग्रजी चांगलं आहे." प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं होतं.

भाषेचा प्रश्न भाषांतराने सुटेल. रेकॉर्डिंगचं मोठं दुखणं म्हणजे त्याला तारीख चिकटलेली असते. १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली तेव्हा दोन डोसांत २८ दिवसांचं अंतर होतं. २२ मार्चला केंद्राने कोव्हिशील्डसाठी ते ४ ते ८ आठवड्यांवर नेलं, १३ मेला १२ ते १६ आठवड्यांवर. कोव्हॅक्सिनचं अंतर होतं तेच राहिलं. मधल्या काळात १ मार्चला साठीच्या वरचे आले, १ एप्रिलला ४५ च्या वरचे सगळे. डिसेंबरमध्ये चित्रित झालेल्या धड्याला यातलं काहीच माहीत नाही, आणि तो त्याच आत्मविश्वासाने २८ दिवस सांगत राहतो.

म्हणून रेकॉर्डेड कोर्समध्ये फक्त न बदलणारं ठेवावं: २ ते ८ अंश, दंडाच्या स्नायूत ०.५ मिली, हब कटर (वापरलेली सुई कापायचं यंत्र), उघडलेल्या बाटलीवर वेळ लिहिणं.

व्हीसी

बदलणाऱ्या गोष्टींना व्हीसी हवी. सकाळी पत्र आलं, दुपारी सगळ्यांना सांगितलं, ही सोय दुसऱ्या कशात नाही. पण व्हीसीची जी सवय आपण लावून घेतली, ती वाईट. दोनशे जण म्यूटवर, वरून स्लाइड वाचली जातेय, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एका लॅपटॉपभोवती बारा जणी, आणि मध्येच कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्टी देतो. शेवटी "काही शंका?" दोन सेकंद शांतता. "नाहीत ना? धन्यवाद."

शंका असतात. त्या साहेबांसमोर विचारल्या जात नाहीत, इतकंच. मी नंतर तीस-चाळीस जणींची छोटी व्हीसी लावायला लागलो आणि सुरुवातच उलटी केली: काल केंद्रावर काय अडलं, ते एका सिस्टरने सांगायचं, मग बाकीच्यांनी बोलायचं. ही काही माझी अक्कल नव्हे. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी हिपॅटायटिस सीच्या उपचारासाठी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'इको' पद्धतीचा गाभा हाच आहे, आणि ती भारतातही चालते. तज्ज्ञ एका टोकाला, खेड्यातले कर्मचारी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये स्लाइडऐवजी खरी केस.

रेंजबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. धडगाव, अक्कलकुवा किंवा मेळघाटात नेटवर्क नाही म्हणून तिथे ऑनलाइन चालत नाही, असं सरसकट म्हणतात. व्हीसी खरंच चालत नाही. पण दीक्षावरचा धडा तालुक्याला आल्यावर डाउनलोड करून ठेवता येतो, मग पाड्यावर रेंजची गरज उरत नाही. म्हणजे दुर्गम भागात रेकॉर्डेड कोर्स व्हीसीच्या पुढे जातो. शहरी नगरपालिकेत नेमकं उलट. दुर्गम भागातल्या कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या आशाताईंना तो धडा कुणीतरी बोलीत उलगडून सांगायला लागतोच, ते गणित वेगळं धरा.

समोरासमोर

आता हाताच्या कामाकडे. मे २०२१ मध्ये केरळने सांगितलं की केंद्राकडून ७३,३८,८०६ डोस आले आणि दिले ७४,२६,१६४. बाटलीत थोडी जास्तीची लस भरलेली असते. एक थेंब न सांडता प्रत्येक वेळी नेमकं ०.५ मिली ओढलं, तर दहाच्या बाटलीतून अकरावा डोस निघतो. तो तिथल्या नर्सेसनी काढला. व्हिडिओत हे दिसतं, पण हातात येत नाही.

ॲड्रेनॅलिनचंही तेच, फक्त इथे चुकलं तर डोस नाही, माणूस जातो. ॲनाफायलॅक्सिसची (लसीनंतर क्वचित येणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीची) लक्षणं क्विझमध्ये सगळ्यांना ओळखता येतात. पण किटमधली १:१००० ची ॲम्प्यूल फोडून, ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजमध्ये प्रौढासाठीचे ०.५ मिली घ्यायचे म्हणजे कितव्या खुणेपर्यंत? २०. बसल्या बसल्या सोपं वाटतं. समोर माणूस घामाघूम होऊन कोसळलेला असताना ही वजाबाकी-भागाकार करायची वेळ येऊ नये, म्हणून पाण्याची सिरिंज भरून पाच वेळा करून घ्यावं लागतं. माझ्याकडे समोरासमोर शिकवायला दोनच तास असतील, तर दीड तास मी यालाच देईन.

ड्राय रनवर मात्र भाबडा विश्वास नको. २ जानेवारी २०२१ ला पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबारमध्ये आपली रंगीत तालीम झाली, केंद्रामागे २५ नावं घेऊन. खऱ्या दिवशी राज्यात २८५ केंद्रं आणि प्रत्येकी १०० नावं होती. को-विन अडखळलं आणि राज्याला पुढचे दोन दिवस लसीकरण थांबवावं लागलं. पंचवीस जणांत पथकाची हालचाल बसते; सर्व्हरवरचा भार पंचवीस जणांत कळत नाही. त्यामुळे तालमीत एकदा तरी मुद्दाम नेट बंद करा आणि कागदावर नोंद करायला लावा.

मग कुणी काय घ्यावं

ग्रामीण तालुका, वेळ आठ दिवस: न बदलणारे धडे मराठीत, डाउनलोड करून, पीएचसीवर अर्धा दिवस हाताचं काम, आणि मोहीम सुरू झाल्यावर आठवड्याला एक छोटी व्हीसी. बहुतेक ठिकाणी याचं उलटं होतं. मोहिमेआधी व्हीसींचा पाऊस, आणि सुरू झाल्यावर सामसूम, जेव्हा खरे प्रश्न पडायला लागतात.

खासगी रुग्णालय असेल तर ओपनडब्ल्यूएचओसारखा कोर्स पुरेसा पाया देतो. तिथल्या नर्सेसना इंग्रजी आणि ॲड्रेनॅलिन दोन्हींची सवय असते. त्यांना कमी पडतात त्या सरकारी नोंदी, आणि त्यासाठी पालिकेच्या व्हीसीत बसणं भाग आहे.

नगरपालिकेने सगळं व्हीसीवर सोडू नये, एवढंच. तिथे गाडी-भाड्याचं कारण नाही, सगळी केंद्रं रिक्षाच्या अंतरावर असतात.

प्रमाणपत्रं मोजायची तर मोजा, शीट भरावीच लागते. मी केंद्रावर गेलो की तीन प्रश्न विचारायचो. ही बाटली किती वाजता उघडली? कोव्हिशील्ड उघडल्यावर चार तासांत संपवायची असायची, म्हणून उत्तर बाटलीवर लिहिलेलं हवं. ॲड्रेनॅलिन कुठे आहे? कपाटाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे? आणि तिसरा: आत्ता काही अडलं तर फोन कुणाला लावणार? पहिल्या दोन्हींची उत्तरं बहुधा बरोबर यायची. तिसऱ्याला एका सिस्टरने माझंच नाव सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, "पण सर, तुम्ही दुपारी व्हीसीत असता."