काकाडूची सहल: गाइडेड फोर-व्हील-ड्राइव्ह टूर घ्यावी की गाडी भाड्याने घेऊन स्वतः फिरावं?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विनहून काकाडू, लिचफिल्ड आणि निटमिलुक ही तीन राष्ट्रीय उद्यानं पाहायची म्हटली की दोन रस्ते समोर येतात. एक म्हणजे तीन ते पाच दिवसांची गाइडेड टूर: उंच फोर-व्हील-ड्राइव्ह बस, बरोबर गाइड, रात्री तंबू, जेवणखाण त्यातच. दुसरा म्हणजे विमानतळावरून गाडी भाड्याने घ्यायची आणि आपल्या मनाने फिरायचं. टूरचा माणशी दर पाहिला की चौघांच्या कुटुंबाला घाम फुटतो. स्वतः जायचं म्हटलं तर मगरी, कच्चे रस्ते आणि मोबाइलला रेंज नसणं, या तीन गोष्टींची धास्ती बसते.

माझं मत आधीच सांगते. हा निर्णय पैशांवरून किंवा धास्तीवरून घेऊ नका. तुम्ही कोणत्या महिन्यात जाताय आणि जिम जिम धबधब्यापाशी जायचंच आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

साध्या गाडीने काय काय दिसतं

काकाडू जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचं आहे, त्यामुळे तिथे फोर-व्हील-ड्राइव्हशिवाय पानही हलत नसणार असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात डार्विनहून जाबिरू गावापर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर पूर्ण डांबरी आहेत. कोरड्या हंगामात उबिर आणि बुरुंगकुय इथली कातळचित्रं, मामुकाला पाणथळ आणि यलो वॉटरची बोटफेरी या सगळ्या ठिकाणी साधी हॅचबॅकही जाते. शिवाय गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची. परवाना इंग्रजीत असेल तर पर्यटकाला तो चालतो, पण सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवावा, कारण गाडी देणारे तो मागू शकतात.

लिचफिल्ड तर याहून सोपं. डार्विनपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि वांगी, फ्लोरेन्स, बुली रॉकहोल, टोल्मर हे धबधबे आणि डोह सगळे डांबरी रस्त्यावर. दक्षिणोत्तर रेषेत उभी असलेली वाळवीची चपटी वारुळंही रस्त्याला लागूनच आहेत. सकाळ-संध्याकाळ ऊन रुंद बाजूवर पडावं आणि भर दुपारी फक्त अरुंद कडेवर, म्हणजे आतली हवा फार तापत नाही, अशी त्यांची रचना असते. एवढ्यासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह लागत नाही. रेनॉल्ड्स नदीच्या बाजूचा कच्चा मार्ग किंवा लॉस्ट सिटीचे कातळ पाहायचे असतील तरच लागते.

साध्या गाडीने काय राहून जातं

राहतं ते जिम जिम आणि ट्विन फॉल्स, आणि खरा फरक इथेच पडतो. काकाडू हायवे सोडला की साधारण पन्नास किलोमीटर कच्चा रस्ता आहे, तोही लाटालाटांचा, दात वाजवणारा. त्यापुढचे शेवटचे दहा किलोमीटर फक्त फोर-व्हील-ड्राइव्हचे: वाळू, मुळं, खड्डे. हायवेपासून धबधब्याच्या वाहनतळापर्यंत दोन तास सहज जातात. तिथून पुढे पायी किलोमीटरभर चालायचं, आणि चालायचं म्हणजे टेबलाएवढ्या, कधी खोलीएवढ्या धोंड्यांवरून हातपाय टेकत चढायचं-उतरायचं. दुपारी तो दगड तापतो. मग अचानक कडे तिन्ही बाजूंनी वर जातात आणि समोर काळाभोर, थंडगार डोह येतो. वरून दीड-दोनशे मीटरचा कडा सरळ पाण्यात उतरलेला.

ट्विन फॉल्सला जायचं तर आणखी दहा किलोमीटर आणि मध्ये जिम जिमचा ओढा. त्या ओढ्यातून गाडी घालायला स्नॉर्केल लागतो, म्हणजे इंजिनला हवा वरून घेणारं धुराड्यासारखं नळकांडं. शिवाय जिम जिमचा रस्ता उघडला म्हणजे ट्विनचाही उघडेल, असं नाही.

आता भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा. साध्या गाडीला कच्च्या रस्त्यावर न्यायची सहसा परवानगीच नसते. फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली तरी अनेक करारांत जिम जिम आणि ट्विन फॉल्सचा मार्ग नाव घेऊन वगळलेला असतो, पाण्याने झालेलं नुकसान विम्यात बसत नाही, आणि सूर्यास्तानंतर गावाबाहेर गाडी चालवायला मनाई असते. ही शेवटची अट जाचक वाटते, पण ती रास्त आहे. संध्याकाळी वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, आणि रानम्हशी रस्त्यावर येतात, आणि समोरून येणारी रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५० मीटरांहून लांब असू शकते. एवढं ओझं घेऊन ती तुमच्यासाठी झटकन थांबू शकत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी नदीतून गाडी काढलेली नाही, त्यांनी महागडी फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन हा प्रयोग इथे करू नये, असं मी अगदी स्पष्ट सांगेन. जिम जिम हवं असेल तर दुसऱ्याच्या गाडीतून, दुसऱ्याच्या ड्रायव्हिंगवर जा.

महिना कोणता?

वर्षाचे कोरडा आणि पावसाळी असे दोन भाग सगळीकडे छापलेले असतात: मे ते ऑक्टोबर आणि नोव्हेंबर ते एप्रिल. पण या भूमीचे मूळ मालक, बिनिन्ज आणि मुंगगुय लोक, आपल्यासारखे सहा ऋतू मानतात. सहल ठरवायला तेच जास्त उपयोगी पडतात. येग्गे म्हणजे मे ते जूनचा मध्य. पाऊस नुकताच गेलेला असतो आणि पाणथळांवर कमळं फुललेली असतात. वुर्गेंग हा जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा, त्यातल्या त्यात थंड काळ. गुरुंग हा उन्हाचा. पाणी आटत जातं आणि उरलेल्या डबक्यांभोवती पक्ष्यांची दाटी होते. त्यानंतर गुनुमेलेंग. ढग जमतात, गडगडतात, आणि अधूनमधून सरी पडतात. नंतरचे गुजेउक आणि बांगेरेंग हे मुसळधार पावसाचे आणि वादळांचे.

आपल्या सुट्ट्या याच्याशी ताडून पाहा. महाराष्ट्रातून मेच्या सुट्टीत गेलात तर हवा छान असेल, हिरवळ असेल, पण जिम जिमचा रस्ता बहुधा बंदच असेल. पूर ओसरल्यावर आधी डोहांत मगरी आहेत का ते पाहिलं जातं, आणि मगच रस्ता उघडतो. ते जूनच्या आसपास होतं, कधी त्याहूनही उशिरा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर गुनुमेलेंगची उमस भेटेल. कोकणातला मे महिना ज्यांना झेपतो त्यांनाही ती जड जाते. सिडनी-मेलबर्नला राहणाऱ्यांना मात्र जून-जुलैच्या शाळेच्या सुट्ट्या अगदी नेमक्या लागू पडतात.

आणि एक कटू सत्य: जिम जिम ज्या काळात खरा कोसळतो, त्या काळात तिथे रस्त्याने पोहोचता येत नाही. तो फक्त छोट्या विमानातून दिसतो. ऑगस्टपर्यंत कड्यावर एखादी ओली रेघ उरते, काही वर्षी तीही नाही. डोह आणि कडा बघण्यासारखे आहेतच, पण टूरच्या जाहिरातीतला पांढराशुभ्र लोट ऑगस्टमध्ये दिसणार नाही हे जाणून पैसे भरा. ट्विन फॉल्स वर्षभर वाहतो, पण तिथे पोहायला बंदी आहे.

गाइडमुळे काय फरक पडतो

रस्त्यांइतकाच हाही मुद्दा मोलाचा आहे. काकाडू १९८१ साली जागतिक वारसा यादीत आलं ते निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर, आणि संस्कृतीचा भाग नुसता बघून कळत नाही. बुरुंगकुयला अनबांगबांगच्या कातळावर नामार्गॉन आहे, वीज पाडणारा पूर्वज. एका घोट्यापासून दुसऱ्या घोट्यापर्यंत, हात आणि डोकं जोडत, त्याच्याभोवती विजेची कमान काढलेली आहे, आणि त्याच्या कोपरांना आणि गुडघ्यांना दगडी कुऱ्हाडी बांधलेल्या आहेत. त्याच कुऱ्हाडी ढगांवर आपटून तो गडगडाट करतो. पावसाच्या तोंडावर या कड्यांवर केशरी-निळे नाकतोडे दिसतात, ती त्याची मुलं. कोणी दाखवलं नाही तर त्या कुऱ्हाडी नजरेतून निसटतात आणि नाकतोड्यांची गोष्ट तर कळतच नाही. तिथली काही चित्रं नायोम्बोल्मी या चित्रकाराने १९६४ साली रंगवली, म्हणजे ही परंपरा अगदी परवापरवापर्यंत जिवंत होती. उबिरला मासे असे काढलेत की आतला काटा आणि आतडी दिसावीत, आणि जवळच गोरा माणूस आहे, तोंडात पाइप धरून उभा. शेजारीशेजारी दोन जगं.

मात्र सगळे गाइड सारखे नसतात. काही जण गाडी उत्तम चालवतात, पण चित्रांसमोर पाटीवरचाच मजकूर वाचून दाखवतात. स्थानिक आदिवासी गाइड असलेली छोटी फेरी जाबिरूच्या आसपास वेगळी घेता येते, आणि माझ्या मते ती पाच दिवसांच्या सर्वसाधारण टूरपेक्षा जास्त देऊन जाते.

टूरवरचं राहणं

कॅम्पिंग टूरमध्ये तुम्ही पाहुणे नसता, चमूतले एक असता. भाज्या चिरणं, ताटं घासणं, सामान चढवणं हे सगळे मिळून करतात. पहाटे निघायचं, दुपारी डोहात डुंबायचं, रात्री कायमच्या उभारलेल्या तंबूत किंवा स्वॅगमध्ये, म्हणजे कॅनव्हासच्या वळकटीत, झोपायचं. तरुण जोडप्याला किंवा एकट्या प्रवाशाला यात मजा येते, ओळखी होतात. पंचाहत्तरीच्या आजींना रात्री टॉर्च घेऊन लांबच्या शौचालयापर्यंत जायला लावू नये. लहान मुलांना बऱ्याच टूर घेतच नाहीत, तेव्हा वयाची अट आधी विचारा.

जेवणाचं वेगळं सांगायला हवं. शेगडीवर भाजलेलं मांस, बारामुंडी मासा आणि सॅलड हा नेहमीचा बेत असतो. शाकाहारी जेवण आगाऊ सांगितलं तर मिळतं, पण कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांनी ठेपले, चिवडा आणि चटण्या जवळ ठेवाव्यात. मात्र ऑस्ट्रेलियात शिरताना खाद्यपदार्थ कस्टम्सच्या फॉर्मवर जाहीर करणं सक्तीचं आहे. न सांगितल्यास मोठा दंड होतो.

किती दिवसांची?

तीन दिवसांत काकाडू आणि लिचफिल्ड होतं. चार-पाच दिवसांत निटमिलुकही. ते कॅथरीन गावाजवळ, डार्विनपासून साधारण सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. जावोइन लोकांना ही जमीन १९८९ साली परत मिळाली. तेरा घळींची साखळी, त्यातून बोट किंवा कनू. सुंदर आहे, पण डांबरी रस्त्यावर आहे. म्हणून पाच दिवसांच्या टूरचे वाढीव पैसे निटमिलुकसाठी भरण्याची मला गरज वाटत नाही. पैसे लावायचे तर काकाडूत एक रात्र जास्त काढायला लावा.

पैशांचं गणित

टूरचा दर माणशी असतो, गाडीचं भाडं गाडीमागे. त्यामुळे एकट्याला किंवा दोघांना टूर फारशी महाग पडत नाही. चौघांना मात्र गाडी बरीच स्वस्त पडते. गाडीच्या हिशेबात दिवसाची किलोमीटरची मर्यादा आहे का ते पाहा, कारण इथली अंतरं ती मर्यादा सहज ओलांडतात. काकाडूचा प्रवेश पास कोरड्या हंगामात प्रौढाला ४० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि पावसाळ्यात २५. टूरच्या दरात तो धरला आहे की वेगळा, ते विचारून घ्या.

चौघांच्या कुटुंबाला मी जो मार्ग सुचवते तो या दोन्हींच्या मधला आहे. साधी गाडी घ्या, जाबिरू किंवा यलो वॉटरजवळच्या कुइंडाला दोन-तीन रात्री मुक्काम करा, यलो वॉटरची पहाटेची फेरी आधी आरक्षित करा, आणि जिम जिमसाठी तिथूनच निघणारी एका दिवसाची फोर-व्हील-ड्राइव्ह टूर घ्या. ज्यांना धोंडे चढवणार नाहीत ते त्या दिवशी बुरुंगकुयला सावलीत बसतील, बाकीचे जिम जिमला जातील. आई-वडील भारतातून आले असतील तर हे सगळ्यांत सोयीचं. एकटे असाल, गाडी चालवायची नसेल किंवा चारचौघांत मिसळायला आवडत असेल, तर सरळ डार्विनहून निघणारी बहुदिवसीय टूर घ्या आणि त्यात दोन रात्री काकाडूच्या हद्दीतच आहेत याची खात्री करून घ्या.

टूर कंपनीला लेखी विचारा: जिम जिम बंद निघाला तर त्या दिवशी नेमकं कुठे नेणार? "पर्यायी धबधबा" एवढंच उत्तर आलं तर त्याचं नाव मागा, कारण तो पर्याय म्हणजे अनेकदा काकाडूतलाच मागुक असतो, जो छानच आहे, किंवा लिचफिल्डचा आणखी एक फेरा असतो, जो तुम्हाला साध्या गाडीनेही करता आला असता. फोटोत काकाडूतल्याच गुनलोम धबधब्याचा कड्यावरचा डोह दिसला तर तेही विचारा. पवित्र स्थळाच्या प्रश्नावरून तो २०१९ साली बंद झाला, तरी त्याची चित्रं अजून फिरत असतात. आणि पाण्याशेजारी मगरीची पाटी दिसली की गाइड असो वा नसो, काठापासून लांब राहायचं. १९७१ साली संरक्षण मिळाल्यापासून खाऱ्या पाण्यातल्या मगरींची संख्या पुष्कळ वाढली आहे, आणि शांत दिसणाऱ्या पाण्यात ती असेल तर ती तुम्हाला आधी दिसत नाही.