आयसीयूत घरच्यांच्या हाताला काम: फोंडा भागातल्या एका इस्पितळाची सोय

पाचपैकी साडेतीन.

या खासगी इस्पितळात आयसीयूमध्ये ‘काचेतून बघा आणि निघा’ हा प्रकार नाही. सकाळी ११ ते १२.३० आणि दुपारी ४ ते ५.३० घरचे एक माणूस खाटेजवळ थांबू शकते. वेळ वाढवून दिली हे ठीकच, पण आत गेल्यावर काय करायचे ते सांगतात, हे जास्त मोलाचे.

दारातच अंगठी, बांगड्या, घड्याळ काढायला लावतात. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, अंगठे आणि बोटांच्या टोकांसकट, हात सुकेपर्यंत चोळायचा. सर्दी-खोकला असेल तर आत सोडत नाहीत, कितीही हुज्जत घाला. पहिल्या दिवशी सिस्टर नळ्या ओळखवते: घशातली श्वासाची, नाकातली अन्नाची, मानेतली औषधांची. लघवीची पिशवी खाटेवर ठेवू नका, हे ती दोनदा बजावते. पिशवी वर गेली की लघवी मागे फिरते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

सगळ्यात चांगले काम भ्रमाच्या बाबतीत. व्हेंटिलेटरवरच्या वयस्कर रुग्णाला दिवस-रात्र कळेनासे होते, तो नळ्या उपसू लागतो, मग हात बांधायची पाळी येते. म्हणून चष्मा आणि कानाचे यंत्र (सेलसकट!) घरून मागवतात. जवळ जाऊन सांगायचे, ‘बाबा, आज बुधवार, सकाळचे अकरा वाजलेत. घशात नळी आहे, म्हणून आवाज येत नाही.’ एका वेळी एकच वाक्य. प्रश्न हो-नाहीचा, उत्तर हात दाबून. इथल्या बऱ्याच सिस्टर हिंदी बोलतात. त्यामुळे घरातली कोकणी-मराठी कानावर पडणे औषधाइतकेच गरजेचे.

फिजिओने दाखवल्यावर बोटे, मनगट, घोटा हळूहळू हलवायला देतात. धमनीत सुई असलेला हात मात्र वगळून. कूस बदलायचे काम घरच्यांना देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे: त्यासाठी तीन-चार माणसे लागतात, एकाने फक्त श्वासाची नळी धरायची असते.

डब्यातली पेज आणि शहाळे दारातच अडवतात. लोक रागावतात. पण घशातली श्वासाची नळी नुकतीच काढली असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत पेज फुप्फुसात जाण्याची भीती असते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडे काम करत नसतील तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

दीड गुण कापला तो असा. सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत. डॉक्टर रोज भेटतात म्हणे, पण वेळ ठरलेली नाही. वाळपईहून बसने येणाऱ्याने दिवसभर बाकावर बसायचे का? आणि रोजनिशी नाही. शुद्धीवर आल्यावर बऱ्याच रुग्णांना मधले दिवस आठवत नाहीत, किंवा भलतेच भास खरे वाटतात. साधी वही पुरते: तारीख, आज काय झाले, कोण भेटून गेले, दोन-तीन ओळी. इस्पितळ देत नसेल तर आपणच नेऊन सिस्टरला विचारा. खाटेशेजारच्या कपाटावर ठेवायला त्या नाही म्हणत नाहीत.