साडेचारशेची मॅक्रो लेन्स आणि सिकाडा: रिव्ह्यू

एमजी रोडवरून मोबाईलला चिमट्यासारखी लावायची मॅक्रो लेन्स घेतली, ४५० रुपये. दुकानदार म्हणाला मुंगीचे केस पण दिसतील. मला मुंगी नको होती, सिकाडा (झाडावर बसून कर्कश ओरडणारा किडा) हवा होता, कारण मार्च संपत आला की नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याला दुपारी ती कर्रर्र सुरू होते आणि दरवर्षी नुसतं ऐकूनच परत येतो आम्ही.

तर रविवारी भाच्याला घेऊन गेले. सुरुवातीच्या दिवसांत जायचा फायदा म्हणजे आवाज एकदोनच असतात, कुठल्या झाडावर आहे ते तरी कळतं, मे मध्ये अख्खं रान ओरडत असतं तेव्हा कान लावून काही उपयोग नाही. (रातकिडे वेगळे बरं का, ते पंख घासतात. हा दिवसा ओरडणारा, आणि ओरडतो फक्त नर, पोटाच्या बाजूला पडदे असतात ते थरथरवून.) एक दिसला पण! खोडाच्याच रंगाचा, पंख काचेसारखे. आता लेन्सची गंमत अशी की फोकस व्हायला दोन-तीन सेंटीमीटरवर जावं लागतं, आणि हा पठ्ठ्या हातभर अंतरावरूनच गप्प झाला, मग उडाला, जाताना आमच्यावर पाणी उडवून गेला. झाडाचा रस पिऊन जगतो ना, तेच. भाचा तोंड पुसत म्हणे, "मावशी, हे काय होतं?" मी सांगितलं नाही.

म्हणजे जिवंत किड्यासाठी लेन्स शून्य. पण मग खोडावर कात सापडली, कमरेएवढ्या उंचीवर, आणि पैसे तिथे वसूल झाले. पिल्लू जमिनीखाली मुळांचा रस पिऊन वाढतं, रात्री वर येतं, खोड धरतं आणि पाठीतून फाटून बाहेर पडतं. लेन्समधून पुढचे जाडजूड पाय बघा, खुरप्यासारखे, दाते आणि वाळलेली माती सकट. डोळ्यांच्या जागी नुसत्या पारदर्शक वाट्या. पाठीच्या चिरेतून पांढरे दोरे लोंबत होते, मला जाळं वाटलं, घरी येऊन वाचलं तर ते श्वासनळ्यांचं अस्तर, तेसुद्धा कातीबरोबर निघतं! कात हलत नाही, पळत नाही, हवा तितका वेळ घ्या. मी चाळीस फोटो काढले, भाचा कंटाळून करवंदं शोधायला गेला, ती अजून कच्चीच होती.

तक्रारी: चिमटा ढिला आहे, रबरबँड लावावा लागला. मोबाईलचं कव्हर काढावंच लागतं. तीन कॅमेऱ्यांचा फोन असेल तर मेन कॅमेऱ्यावरच बसवा, नाहीतर कोपरे काळे येतात, माझे पहिले दहा फोटो असेच गेले. आणि सावलीत धरू नका, लेन्स इतकी जवळ येते की तिचीच सावली पडते.

साडेतीन स्टार. सोबत वाईड अँगल लेन्स फुकट मिळालीये, ती अजून डबीतच आहे, कोणाला हवी असेल तर सांगा.