इम्प्लांटचा सरफेस: जास्तीचे पैसे कुठे मोजावेत, कुठे नाही

दाताच्या इम्प्लांटचा, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूचा, खर्च विचारला की तीन-चार वेगवेगळे आकडे समोर येतात. फरक कशाचा, तर "याचा सरफेस, म्हणजे हाडाला टेकणारा पृष्ठभाग, वेगळा आहे." मग पेशंट मला विचारतात, "डॉक्टर, महागातला घेतला तर जास्त वर्षं टिकेल ना?" चांगल्या सरफेसने वाचतात ते आठवडे. वर्षं ठरतात ती बसवणाऱ्याच्या हातावर, हिरड्यांवर आणि रोजच्या सफाईवर. हे मनात धरून पुढचं वाचा.

स्वीडनमध्ये संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, ते लेथवर कातलेले, जवळजवळ गुळगुळीत होते. हाड त्यांनाही धरायचं. फक्त खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबावं लागे.

हा काळ कमी झाला तो खडबडीत सरफेसमुळे. टायटॅनियमवर आधी बारीक कणांचा जोरदार मारा करतात, मग ते अ‍ॅसिडमध्ये बुडवतात. माऱ्याने मोठे खड्डे पडतात आणि अ‍ॅसिडने त्या खड्ड्यांच्या आत एक-दोन मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) छोटे. गवंडी गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा करण्याआधी छिन्नीने टोचे मारून घेतो, तसंच हे. रक्ताची गुठळी तिथे घट्ट धरते आणि तिच्या आधाराने हाड तयार होतं. हाड चांगलं असेल तर सहा ते आठ आठवड्यांत कॅप बसवता येते. बहुतेकांना हा प्रकार पुरतो.

त्याच्या वरचा, महाग प्रकार म्हणजे पाणी ओढून घेणारा सरफेस. टायटॅनियम हवेत राहिलं की त्यावर कार्बनची पुटं चढतात आणि ते पाणी झटकू लागतं. म्हणून हा इम्प्लांट सलाइन भरलेल्या नळीतच येतो. तो हाडाच्या भोकाशी नेला की रक्त आपोआप आट्यांमधून वर चढत जातं. कोरड्या इम्प्लांटवर तेच रक्त थेंब धरून थांबतं. गिलाव्याआधी भिंतीवर पाणी का मारतात, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

याचा उपयोग नेमका कधी? इम्प्लांट बसवल्यावर पहिल्या दिवशी तो जुन्या हाडात घट्ट असतो. मग ते दाबलेलं हाड शरीर हळूहळू काढून टाकतं आणि नवीन अजून पुरतं आलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात कमी असते. पकडीतली ही घसरण पाणी ओढणारा सरफेस कमी करतो. वरची मागची दाढ असेल, तिथलं हाड भुसभुशीत असेल किंवा कॅप लवकर हवी असेल, तर जास्तीचे पैसे मोजा. खालच्या जबड्यात टणक हाड आहे आणि घाई नाही, तर मी स्वतः साधाच घेईन. शुगर आटोक्यात नसेल तर आधी ती आणा. ते काम कोणताही सरफेस करत नाही.

हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, म्हणजे हाडातल्या खनिजासारखाच कॅल्शियम फॉस्फेटचा लेप, ऐकायला सगळ्यात पटतो. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात तो खरोखर यशस्वी आहे; लंडनमध्ये हाडांचे सर्जन रोनाल्ड फरलाँग यांनी १९८५ पासून तो वापरला. पण खुबा बंद जागेत असतो, तोंड जंतूंनी भरलेलं. हिरडी खाली सरकून प्लाझ्माने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोताने, फवारलेला जाड लेप उघडा पडला, की त्यात जंतू घर करतात आणि लेपाचे पापुद्रेही सुटू शकतात. दातासाठी मी तो सुचवत नाही.

राहिला झिरकोनिया, पांढरा सिरॅमिक. समोरचा दात, पातळ हिरडी आणि खालून धातूची करडी छटा दिसण्याची भीती, अशा वेळी त्याचा विचार जरूर करा. त्यालाही खडबडीत करावं लागतं, पण जपून, कारण मारा जास्त झाला तर सिरॅमिकमध्ये सूक्ष्म भेगा पडतात. बरेच झिरकोनिया इम्प्लांट एकसंध असतात. भरून येईपर्यंत त्यांचं टोक तोंडात उघडं राहतं, जीभ आणि घास त्याला ढकलत राहतात. टायटॅनियमइतका दीर्घ अनुभवही त्याच्या पाठीशी नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर मी टायटॅनियमच सांगेन.

काहीही ठरवा, इम्प्लांटच्या पॅकवरचं कंपनी, साइज आणि लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या आणि घरच्या फाइलमध्ये चिकटवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात कॅपला धरणारा आतला छोटा स्क्रू ढिला झाला, तर तिथल्या डॉक्टरांना आधी तेच लागतं.