दांडा नसलेली सायकल, मुरमाच्या वाटेसाठी

कोपरे गावाच्या पुढे कुडज्याकडे जाताना खडकवासल्याच्या पाण्याकडे मुरमाच्या वाटा फुटतात. हिवाळ्यात रविवारी सकाळी मी तिथे पक्षी बघायला जाते. डांबर सोडलं की दर शंभर-दोनशे पावलांवर थांबायचं, उतरायचं, दुर्बीण डोळ्याला लावायची, पुन्हा बसायचं. एका सकाळी पंचवीसेक वेळा तरी होतं हे. मागच्या हिवाळ्यापर्यंत मी पुतण्याची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची सायकल, नेत असे. मागे कॅरिअरवर बांधलेली पिशवी, मध्ये उंच दांडा आणि माझा उजवा गुडघा ५४ वर्षांचा. डिसेंबरात एका चढावर गिअर बदलायला उशीर झाला, सायकल जागच्या जागी थांबली, पाय टेकेना आणि मी दांड्यावर आदळून बाभळीच्या अंगाला पडले. फार लागलं नाही, पण चांगलीच घाबरले. घरी आल्यावर ठरवलं की आता दांडा नसलेली सायकल घ्यायची, आणि ती याच वाटेवर चालली पाहिजे.

दुकानं पाच पालथी घातली. पहिल्या चारांत मला सरळ ‘लेडीज’च्या रांगेकडे नेलं. पुढे टोपली, फुलांचे स्टिकर, अरुंद टायर, गिअर एकही नाही. एका ठिकाणी विक्रेता म्हणाला, “काकू, गिअर कशाला हवेत तुम्हाला? जवळपासच फिरणार ना?” मला राग आला. आठवीत असल्यापासून, म्हणजे १९८४ पासून मी या शहरात सायकल चालवते आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली सायकलने यायच्या, आणि सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव झालं त्यात त्यांच्याही पायांचे कष्ट आहेत. दांडा नको म्हणणाऱ्या बाईला चढ चढायचाच नसतो, हे यांना कोणी सांगितलं?

पाचवं दुकान पेठेतलं, दोन गाळ्यांचं. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी मला आधी विचारलं, “ताई, वाट कसली आहे? मुरूम की काळी माती?” मी तिथेच निश्चिंत झाले.

मी घेतलेल्या सायकलच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. मॉडेलची नावं दरवर्षी बदलतात, तुम्ही दुकानात जाल तेव्हा हेच मॉडेल असेल असं नाही. मापं मात्र कुठेही ताडून बघता येतात.

सगळ्यात आधी गिअर. साध्या बिनगिअरच्या सायकलच्या पुढच्या चकतीला ४४ दात आणि मागच्या चकतीला १८ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २६ इंची चाकाला म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ५ मीटर. सपाट रस्त्यावर छान, पण मुरमाच्या चढावर त्याने गुडघ्याचं वाटोळं होतं. माझ्या सायकलला पुढे तीन चकत्या, मागे सात. सगळ्यात हलक्या गिअरला पुढे २८ दात, मागे ३४. एका फेऱ्यात सायकल जेमतेम पावणेदोन मीटर सरकते. पाय भराभर फिरवावे लागतात, वेग चालण्याइतकाच राहतो, पण दम पुरतो आणि गुडघा कुरकुरत नाही. विक्रेता ‘२१ गिअर आहेत’ म्हणाला की आकड्यावर जाऊ नका. मागची सगळ्यात मोठी चकती दाखवायला सांगा आणि दात मोजा. मी दुकानात उकिडवं बसून मोजले.

फ्रेमचा मुद्दा मला मिस्त्रींनी समजावला. नेहमीच्या सायकलचा वरचा दांडा तिचा त्रिकोण घट्ट धरून ठेवतो. तो काढला की पिळाचा सगळा ताण खालच्या नळीवर येतो. म्हणून दांडा नसलेल्या चांगल्या सायकलला खालची नळी जाड असते आणि सांध्यापाशी जास्तीची पट्टी जोडलेली असते. दुसरा प्रकार असा, की हँडलखालून दोन बारीक नळ्या तिरक्या निघतात आणि थेट मागच्या एक्सलपर्यंत जातात. हा प्रकार जास्त ताठ आणि माझ्या मते जास्त देखणाही, पण त्यात नळ्या थोड्या उंचावर येतात. मी दोन्ही चालवून बघितल्या. दुसरीत पाय आत घालताना गुडघा उचलावाच लागत होता, म्हणून जड मनाने पहिली घेतली. तिची नळी सगळ्यात खालच्या जागी जमिनीपासून ४८ सेंटीमीटरवर आहे. दुकानात एक परीक्षा करा: पुढचा ब्रेक दाबून हँडल घट्ट धरा आणि पेडलवर पायाने बाजूला जोर द्या. फ्रेम डोळ्यांना दिसेल इतकी लचकली, तर वाटेवर घेऊन जाऊ नका.

टायर २ इंची घेतले. पंक्चरवाले हवा दगडासारखी टणक भरून देतात, मी ३५ पीएसआय ठेवते. टायरच्या कडेवर कमीत कमी किती हवी ते छापलेलं असतं, त्याखाली जायचं नाही, नाहीतर खड्ड्यात रिमच्या दोन्ही कडांत ट्यूब चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एवढी हवा ठेवली तर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला शॉकअप नसला तरी हाताला झिणझिण्या येत नाहीत. स्वस्त शॉकअप वजन वाढवतात आणि चढावर तुमची ताकद खातात. मी मुद्दाम साधा चिमटा मागितला. बाभळीचे काटे ही या भागातली खरी शिक्षा आहे, त्यासाठी टायरच्या आत पट्टी टाकून घेतली.

मडगार्ड आणि टायर यांच्यात अंगठा सहज जाईल एवढी जागा हवी. मुरूम झडून जातो. काळी माती चाकाबरोबर वर चढते, मडगार्डमध्ये लिंपली जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. जून ते सप्टेंबर मी दोन्ही मडगार्ड काढून ठेवते. कपडे भरले तर भरले.

आता तिच्या रूपाबद्दल. फ्रेम अंजिरी रंगाची, टायरच्या कडा बदामी, सीट तपकिरी, आणि पुढच्या चकत्यांना बाहेरून कव्हर, त्यामुळे सलवार बांधावी लागत नाही. आमच्या जिन्याखाली ती उभी असते. पहाटे साडेपाचला दार उघडल्यावर ती दिसली की निघायचा उत्साह येतो, आणि माझ्यासाठी हा खर्चाचा मोठा भाग वसूल करणारा गुण आहे. सुंदर वस्तू निगुतीने वापरली जाते.

तक्रारीही आहेत. वजन १६ किलो. खांद्यावर घ्यायला दांडाच नाही, त्यामुळे पायऱ्यांवर एक हात सीटच्या नळीला आणि एक तिरक्या नळीला लावून उचलावी लागते. गाडीच्या मागे लावायच्या स्टँडला टांगायलाही वेगळा दांडा विकत घ्यावा लागला. पाण्याच्या बाटलीला एकच जागा आहे. सगळ्यात गंभीर गोष्ट: कॅरिअरवर ८ किलोची पिशवी उंच बांधून उतारावर वेगात आले तेव्हा हँडल थरथरायला लागलं. तेच सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबणाऱ्या पिशव्यांत वाटून घातलं आणि ५ किलोवर आणलं, तेव्हा थांबलं. जड सामान लादून फिरायचं असेल तर ही सायकल तुमच्यासाठी नाही.

गेल्या महिन्यात कुडज्याजवळ वाटेच्या कडेला खाटीक पक्षी बसलेला दिसला. जेमतेम दहा पावलांवर. ब्रेक हळूच दाबला, पाय नळीवरून अलगद पलीकडे घेतला आणि उभी राहिले. पूर्वी पाय मागून पिशवीवरून फिरवेपर्यंत पक्षी उडून जायचा. तो जागचा हलला नाही. बराच वेळ बघितला.

बिल १८,४०० रुपये झालं, पट्टी आणि बाजूच्या पिशव्या धरून. सीटची उंची मिस्त्रींनी जमवून दिली: टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. वाटेवर जाताना मी ती इंचभर खाली घेते. महिन्याने पहिली सर्व्हिस मोफत असते, ती चुकवू नका. नव्या स्पोकचा ताण तोवर सैल होतो. माझं मागचं चाक बरंच आऊट, म्हणजे वाकडं, झालं होतं; मिस्त्रींनी अर्ध्या तासात आऊट काढून दिली.