एल४-एल५ फ्यूजन: पाय सुटतो, शेजारी अडकतो

मणका घसरून नस दबली असेल, तर पायदुखीवर कमरेचा चौथा आणि पाचवा मणका (एल४-एल५) कायमचे जोडणारी ही शस्त्रक्रिया चांगलीच लागू पडते. किंमत मोजतो तो वरचा, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधला एल३-एल४ सांधा. खालची हालचाल बंद झाली की वाकण्याचा ताण त्याच्यावर येतो. चकती झिजते, मागचे छोटे सांधे जाड होतात, नसांची वाट अरुंद होते. २००४ च्या एका अभ्यासात शेजारच्या मणक्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा अंदाज ५ वर्षांत १६.५ आणि १० वर्षांत ३६.१ टक्के निघाला होता. कमरेचा बाक सपाट ठेवून मणके जोडले तर धोका वाढतो. पेल्व्हिक इन्सिडन्स (श्रोणीच्या म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या ठेवणीचा कोन) आणि बाकाचा कोन यांतला फरक साधारण १० अंशांच्या आत हवा. मणके जोडायला बसवलेला वरचा स्क्रू शेजारच्या सांध्यात घुसला, तर बिघाड ओढवून घेतलाच म्हणायचा. हे कोन मोजायला आधी उभ्याने काढलेला बाजूचा एक्स-रे मागाच. नुसत्या कंबरदुखीसाठी? पाचपैकी दोनच तारे.