हजार-बाराशेचे चालायचे बूट: सोलापुरात कितपत टिकतात?

नव्या पेठेत हजार-बाराशेला मिळणारे, जाळीदार कापडाचे आणि फोमच्या सोलचे बूट रोजच्या चालण्याला पुरतात. पळायच्या महागड्या बुटांची गरज नाही. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे पायावर वजनाच्या सव्वा-दीडपट भार येतो. पळताना तो दुप्पट-तिप्पट होतो.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. मोजे घालून, उभं राहून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मग बूट हातात घेऊन वाकवा. चवड्यापाशी वाकला तर ठीक, बरोबर मध्ये दुमडला तर परत ठेवा. टाचेची मागची बाजू चिमटीत दाबली तर पिचकता कामा नये. "वापरून सैल होतील" हे ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. कापड थोडं ताणतं, लांबी वाढत नाही.

खरी कुरकुर जाळीबद्दल आहे. उन्हाळ्यात पाय कोरडे राहतात हे खरं, पण कंबर तलावाकडे चार फेऱ्या मारल्या की बारीक धूळ आत शिरते, घामाने मोज्यावर लगदा होतो आणि टाचेला फोड येतो. सुती मोजा घाम धरून ठेवतो, त्यापेक्षा मिश्र धाग्याचा बरा.

धुताना आतला पातळ तळवा आधी काढा. बूट गच्चीवर वाळत घालू नका. इथल्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात डिंक सुटतो आणि सोल पुढून आ वासतो. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा.

आयुष्य? असा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. या किमतीत ५००च धरा. अर्धा तास भरभर, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने, अडीच किलोमीटर होतात. आठवड्यात ५ दिवस चालाल तर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान १५० मिनिटं भरतात आणि बूट ४० आठवडे जातो. टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कलला असेल तर वरून कितीही नवा दिसो, बदला.

मधुमेह असणाऱ्यांना जेवणानंतरची १०-१५ मिनिटांची फेरी साखर आटोक्यात ठेवायला उपयोगी पडते, पण बूट घेताना आतल्या शिवणी बोटांनी चाचपून घ्या. बधिर पायाला टोचलेलं कळत नाही. पाय रुंद असेल तर मोठा नंबर नको, रुंद साचा मागा.